कंबर न मोडता हॉकीची ड्रॅग फ्लिक कशी शिकायची

मी १७ वर्षांचा असताना एका सकाळी चूळ भरायला बेसिनवर वाकलो आणि सरळच होता येईना. आदल्या संध्याकाळी ग्राऊंडवर एकट्याने जवळपास दीडशे ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकवर लांबून ओढत आणून गोलात भिरकावायचा शॉट) मारल्या होत्या, कारण आमचा नेहमीचा फ्लिकर आजारी होता आणि शनिवारच्या मॅचला मला संधी मिळणार होती. संधी गेलीच, वर साडेचार महिने स्टिकला हात लावता आला नाही, कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा मार बसून हाडाला पडलेली बारीक भेग. आणि ते काही त्या एका संध्याकाळी झालं नव्हतं, आधी दोन महिने रोज थोडं थोडं दुखायचं ते मी अंगावर काढत होतो. आता तिशी उलटली, रविवारी खेळतो, पोरांना पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांनी चूक केली की मैदानाच्या टोकाच्या रेषेवरून बॉल आत ढकलून गोलवर मारायची संधी) शिकवतो, आणि दर सीझनला एक तरी पोरगं येऊन सांगतं, दादा इथे दुखतंय. बोट बरोब्बर त्याच जागी. म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी हे समजून घ्या की सगळे फ्लिकच्याच मागे का लागतात. पेनल्टी कॉर्नरला पहिला शॉट हिट असेल तर बॉल गोललाइन ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही, म्हणजे गोलच्या आतल्या फळीच्या उंचीतच पाहिजे. फ्लिकला ती अट नाही. ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असा अख्खा गोल मोकळा, वरच्या कोपऱ्यात टाका नाहीतर गोलीच्या कानाजवळून काढा. पॅरिस ऑलिम्पिक २०२४ ला आपल्या हॉकी टीमच्या हरमनप्रीत सिंगने १० गोल मारले आणि त्यानंतर आमच्याकडे १२ वर्षांचं पोरगंसुद्धा पहिल्या दिवशी येऊन "मला फ्लिक शिकवा" म्हणतं, ट्रॅपिंग, म्हणजे आलेला बॉल स्टिकने थांबवणं, येत नाही तो भाग वेगळा. अरे, आपल्या खडकीचे धनराज पिल्ले धावण्यावर आणि स्टिकवर्कवर एवढे मोठे झाले, पण ते कोणाला शिकायचं नाही.

दुसरी गोष्ट, हॉकीत डावखुरी स्टिक नसते. क्रिकेटमध्ये लेफ्टी उलटा उभा राहतो, इथे ती सोयच नाही, स्टिकची सपाट बाजू सगळ्यांची डावीकडेच. म्हणजे तुम्ही जेवताना कुठलाही हात वापरा, शॉट मारताना डावा हात वर, उजवा खाली, डावा पाय पुढे, अंग वाकलेलं आणि डावीकडे पिळ. वर्षानुवर्षं एकाच बाजूला. म्हणून फ्लिकरला दुखायला लागतं ते बहुतेक ठरलेल्या जागी, कमरेचा खालचा भाग, डावा खुबा आणि जांघ, डावा गुडघा, क्वचित डावा घोटा.

१. सामान जमवा

- स्टिक. मोठ्या माणसाला साधारण ३६.५ किंवा ३७.५ इंची. फ्लिकसाठी सगळे लो बो घेतात, म्हणजे दांड्याचा बाक खाली हेडजवळ असतो आणि बॉल त्यात बसून ओढला जातो. नियमाने बाक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि हेडच्या तळापासून २०० मिलिमीटरच्या आत असून चालत नाही. सापळा असा की लो बोने साधी हिट मारली की बॉल हवेत उडतो, त्यामुळे हिट पक्की होईपर्यंत मिड बोवरच (बाक दांड्याच्या मधोमध) शिका. आणि उंच पोरांनो, धाकट्या भावाची आखूड स्टिक वापरू नका, जितकी आखूड तितकं जास्त वाकावं लागतं, त्याचा हिशेब कंबर चुकता करते.
- डाव्या हाताचा ग्लोव्ह. फ्लिकमध्ये, स्वीपमध्ये आणि रिव्हर्समध्ये बोटांची हाडं टर्फवर घासतात.
- शिन गार्ड, माऊथ गार्ड. यावर चर्चा नाही.
- टर्फ शूज, बारीक दाण्यांच्या तळाचे. फुटबॉलचे मोठे स्टड घालून आलात तर पाय रुततो आणि गुडघा फिरतो, पुढे सांगतो.
- १० बॉल, ४ कोन, मोबाइल, आणि एक वही. वही का ते पाचव्या पायरीत.
- आधी कधी कंबर, खुबा, गुडघा दुखला असेल तर त्याचे रिपोर्ट एका फाइलमध्ये. डॉक्टर आणि फिजिओ दोघेही पहिल्यांदा तेच मागतात आणि आपण हमखास घरी विसरून जातो.

२. शॉट या क्रमाने शिका

पुश, मग स्लॅप, मग स्वीप, मग हिट, मग साधी फ्लिक (न ओढता जागेवरून बॉल उचलून फेकणं), सगळ्यात शेवटी ड्रॅग फ्लिक आणि रिव्हर्स. हा क्रम मी मनाने लावलेला नाहीये, अंगावर भार कसा वाढत जातो त्यावरून लावलाय.

पुशमध्ये स्टिक बॉलला चिकटलेली असते, मागे स्विंग नाही, झटका कमी. स्लॅपमध्ये स्टिक जमिनीलगत लांबून येते, अंग वाकतं पण पाय स्थिर असतात. स्वीपला गुडघा जवळजवळ टर्फला टेकतो, तिथे मांडीत ताकद लागते. हिटला स्टिक उंचावरून येऊन बॉलवर आदळते, तो धक्का मनगट आणि कोपरात येतो, त्यात बॉलऐवजी टर्फ हाणला तर दोन दिवस मनगट झिणझिणतं. रिव्हर्स हिट, ज्याला टॉमहॉकसुद्धा म्हणतात, त्यात स्टिक उलटी करून कडेने मारायचं, मनगट नेहमीच्या उलट वळलेलं असतं आणि शरीर पार जमिनीशी. चुकला तर बॉल कुठे जाईल देव जाणे. पहिलं एक वर्ष तरी रिव्हर्स फक्त मोकळ्या गोलवर मारा, समोर माणूस उभा असताना नको.

१४ वर्षांखालच्या पोरांना मी पूर्ण जोराची ड्रॅग फ्लिक शिकवत नाही. आईबाबा नाराज होतात, होऊ देत. त्या वयात हाडं वाढत असतात आणि कमरेचा तो भाग कच्चा असतो. पायांची नुसती पोझिशन शिकवतो, बॉल हळू.

३. खुबा तपासा, फ्लिक मारायच्या आधी

खुर्चीच्या कडेला ताठ बसा, गुडघे काटकोनात. आता गुडघा जागेवर ठेवून डावं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या, जेवढं जाईल तेवढं. मग उजवं. पाऊल बाहेर जातं तेव्हा खुबा आतल्या बाजूला फिरत असतो. डावं पाऊल उजव्याच्या मानाने स्पष्ट कमी जात असेल किंवा जांघेत चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर लगेच फ्लिकला सुरुवात करू नका.

कारण असं, ड्रॅग फ्लिकमध्ये डावं पाऊल पुढे टेकतं आणि तिथेच रोवून राहतं, वरचं सगळं धड त्याच्यावर डावीकडे फिरतं. हे फिरणं व्हायला पाहिजे डाव्या खुब्यात. खुबा फिरलाच नाही तर शरीर थांबत नाही हो, जोर तर लावलेला असतो, मग ते फिरणं वर कमरेतून किंवा खाली गुडघ्यातून काढून घेतं. कमरेचे मणके पुढेमागे मस्त वाकतात पण पिळ घेण्यासाठी ते बनलेलेच नाहीत. गुडघ्याचंही तेच, तो बिजागरीचा सांधा, दार उघडायचं आणि लावायचं, त्याला स्क्रूसारखं फिरवलं की कुरकुरणारच. मला त्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या तेव्हाच्या कोचचं एकच, "कमरेतून ताकद लाव". मी लावली.

खुबा आखडलेला असेल तर रोज ५ मिनिटं त्यावर घालवा, जमिनीवर बसून दोन्ही गुडघे एकदा डावीकडे एकदा उजवीकडे पाडणं, खोल लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणं), आणि पूर्ण खाली जाणाऱ्या बैठका. आजोबा मारायचे त्याच. महिन्याभरात फरक कळतो. चिमटा मात्र गेला नाही तर ताणत बसू नका, दाखवून घ्या.

४. डावा पाय, मग बाकीचं अंग

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, घाई करू नका. सुरुवातीला बॉलशिवाय करा, स्टिकसुद्धा नको. टर्फवर खडूने किंवा चपला ठेवून खुणा करा. मी पोरांना चपलाच ठेवायला लावतो, एक जोडी पुरते.

रन-अप छोटा, चार-पाच पावलं, बॉलकडे तिरकं. शेवटून दुसऱ्या पावलाला उजवा पाय डाव्याच्या मागून आडवा जातो, कैची पडल्यासारखा, यालाच क्रॉस स्टेप म्हणतात. त्याच वेळी अंग खाली येतं आणि बॉल उजव्या पावलाच्या रेषेत किंवा थोडा मागे असतानाच स्टिकच्या बाकात उचलला जातो. मग डावा पाय लांब, जेवढा झेपेल तेवढा लांब, पुढे पडतो आणि बॉल त्या सगळ्या अंतरातून ओढत आणून डाव्या पावलाच्या पुढे सोडायचा. अंतर जितकं लांब तितका जास्त वेळ बॉलला जोर मिळतो. फ्लिकचा वेग इथून येतो, दंडातून नाही.

आता चपलांची गंमत. पहिली चपल डावं पाऊल जिथे पडायला पाहिजे तिथे ठेवा, टोक थोडं गोलकडे वळवून. नवखा काय करतो, पाऊल आडवं टाकतो, बोटं साइडलाइनकडे. त्यात खुब्याला फिरायला जागाच उरत नाही, पाऊल तिकडे आणि धड गोलकडे, मधला गुडघा आत कोसळतो. पाऊल थोडं उघडं टाकलं की निम्मा पिळ तिथेच सुटतो. एवढ्या एका बदलाने माझ्याकडच्या दोन पोरांचं गुडघ्याचं दुखणं थांबलं. सगळ्यांचं थांबेल असं म्हणत नाही, पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरी चपल बॉल उचलायच्या जागी. इथे सापळा असा की बहुतेक जण बॉल उशिरा उचलतात, म्हणजे डावा पाय पडायच्या बेताला बॉल आधीच पुढे गेलेला असतो. मग हात लांबवून, पाठीचा कुबडा काढून बॉल गाठायचा आणि झटक्यात वर उठायचं. माझं नेमकं हेच होत होतं. वाकलेल्या आणि पिळलेल्या पाठीला जोराचा झटका, दिवसाला शंभर वेळा. फास्ट बॉलरच्या कमरेचं जे होतं त्याचीच ही बहीण समजा, बुमराहला २०१९ ला याच स्ट्रेस फ्रॅक्चरने बाहेर बसवलं होतं. हालचाल तंतोतंत तीच नाही, बॉलर मागे आणि बाजूला वाकतो, आपण पुढे वाकून पिळतो, पण हाडाला दोन्हीकडे पुन्हा पुन्हा तोच मार बसतो.

खाली जायचं ते गुडघे आणि खुबा वाकवून. पाठ सपाट, माकडहाडापासून मानेपर्यंत एक फळी ठेवलीय असं समजा. खाली जाता येत नसेल तर मांडीत ताकद कमी आहे, पाठ वाकवून ती उणीव भरून काढू नका.

सोडताना क्रम असा, डावं पाऊल टेकलं, मग कंबरेचा पट्टा बांधतो तो भाग फिरला, मग छाती, मग खांदे, मग हात, शेवटी मनगट आणि स्टिकचं हेड. गोफण फिरवताना हात थांबतो आणि दगड सुटतो तसं, खालचा भाग थांबला की वरच्याला वेग मिळतो. नवख्यांचं खालपासून वरपर्यंत सगळं एकदम फिरतं, दरवाज्यासारखं. मग वेग येत नाही, मग जोर लावतात, मग दुखतं. जोर लावावासा वाटला की ओळखा, क्रम चुकलाय.

आणि सोडल्यावर जागेवर ब्रेक मारू नका! उजवा पाय पुढे येऊ द्या, दोन पावलं पळून जा. डाव्या पायावर खिळून थांबलात तर उरलेला सगळा वेग डावा गुडघा आणि कंबर गिळतात.

मोबाइल बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये काढा. तीनच गोष्टी बघा, डावा गुडघा पावलाच्या वर आहे का आत पडलाय, पाठ सपाट आहे का, बॉल कुठे उचलला. गोल झाला का ते बघू नका.

५. मोजा आणि वहीत लिहा

माझा आजचा नियम, पूर्ण जोराच्या २० फ्लिक, आठवड्यात ३ दिवस, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. नवख्याला १० पासून सुरू करतो आणि दर आठवड्याला दोन-तीन वाढवतो. बाकी सराव अर्ध्या जोराने किंवा नुसत्या पायांचा. वहीत तारीख, किती मारल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी होती एवढंच. "सकाळी कशी होती" हा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, कारण ग्राऊंडवर अंग गरम असतं तेव्हा काहीच कळत नाही.

मॅचच्या आधीचा आठवडा सगळ्यात धोकादायक, तेव्हाच उत्साह येतो. एकदम तिप्पट मारायला लागलात की गेलात.

उलट्या बाजूचं काम पण करा, बॉल टाकून देणं असो की रबर बँड ओढणं, उजवीकडे फिरत. साइड प्लँक दोन्ही कुशीवर. जांघेसाठी दोन गुडघ्यांमध्ये बॉल दाबून धरणं.

टर्फबद्दल एक. आपल्याकडे बरीच पोरं मुरमाच्या ग्राऊंडवर शिकतात आणि मॅच पाण्याच्या टर्फवर असते. मुरमावर ड्रॅग फ्लिक मारू नका, बॉल उसळतो, पाऊल एक तर सरकतं नाहीतर अडकतं, तिथे फक्त पायांचं काम. आणि मे महिन्यात दुपारी टर्फ सुकलं असेल, पाणी मारलेलं नसेल, तर बूट टर्फला धरून बसतो, धड फिरतं आणि पाऊल फिरत नाही. अशा वेळी मी सरळ स्लॅपचा सराव घेतो.

६. समोरच्याचं डोकं

आतापर्यंत आपल्याच अंगाचं बोललो. बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, दगडासारखा, आणि वरच्या पातळीवरच्या फ्लिक ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातात. कॉर्नरला समोरून रशर, म्हणजे शॉट अडवणारा बचावपटू, धावत येतो, गोललाइनवर खांबाशी पोस्टमन, म्हणजे दुसरा बचावपटू, उभा. सरावात त्यांना फेस मास्क, ग्लोव्ह आणि गार्डशिवाय उभं करूच नका, मास्क कमी असतील तर रशरशिवाय सराव करा. इंग्लंडचा सॅम वॉर्ड, २०१९ ला ऑलिम्पिक क्वालिफायरमध्ये आपल्याच टीममेटचा शॉट तोंडावर बसला आणि डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. तो बचावाला नव्हता, अटॅकर होता. म्हणजे रिबाउंडसाठी गोलसमोर घुटमळणाऱ्यांनीही जागा नीट धरायची.

नियमही लक्षात ठेवा. कॉर्नरच्या पहिल्या शॉटला बचाव करणारा ५ मीटरच्या आत असेल आणि नीट उभा असताना बॉल त्याच्या गुडघ्याला किंवा वर लागला तर शॉट धोकादायक, फ्री हिट त्यांना. गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर. रशरच्या अंगावर मारून काही मिळत नाही.

सरावात आवाज देऊन मारा. आमच्याकडे फ्लिकर "बॉल!" ओरडल्याशिवाय इंजेक्टर (कॉर्नरचा बॉल आत ढकलणारा) पुश करत नाही, आणि बॉल गोळा करायला सगळे एकदमच आत जातात.

७. दुखलं तर

साधं अंग दुखणं दोन्ही बाजूंना असतं, पसरलेलं असतं, दोन-तीन दिवसांत जातं. काळजीचं दुखणं असं, कमरेत एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येतं, एका पायावर उभं राहून मागे झुकलं की तिथेच चमक निघते, आणि आराम केला की कमी, खेळलं की परत. वयात येणाऱ्या पोराला हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, शक्यतो खेळाडू बघणाऱ्या. पायात मुंग्या, बधिरपणा, पाय लुळा वाटणं, लघवी-संडासचा त्रास असं काही असेल तर दोन आठवडे काय दोन तासही थांबू नका.

इथला मोठा सापळा एक्स-रे. त्या बेसिनच्या सकाळच्या आधी माझा पहिला एक्स-रे नॉर्मल आला होता, घरचे म्हणाले बघ काही नाही, आणि मी आणखी तीन आठवडे खेळलो. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआयमध्ये दिसतं. डॉक्टरला नुसतं "कंबर दुखते" सांगू नका, "मी ड्रॅग फ्लिक मारतो" असं सांगा आणि मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवा. बऱ्याच डॉक्टरांनी क्रिकेट बघितलेलं असतं, हॉकी नाही, व्हिडिओ दाखवला की लगेच कळतं काय चाललंय ते. वही पण न्या.

मालिशवाल्याकडे कंबर "बसवून" घ्यायला जाऊ नका. मी गेलो होतो. बसली नाही.

पेनकिलर घेऊन मॅच खेळणं हा प्रकार आपल्याकडे फार चालतो, गोळीने दुखणं झाकलं जातं आणि हाडावर मार चालूच राहतो.

८. परत येताना

डॉक्टर आणि फिजिओने हो म्हटल्यावरच, आणि तेसुद्धा दुसऱ्या पायरीच्या क्रमाने. पुश, स्लॅप, स्वीप, हिट, मग साधी फ्लिक जागेवरून, मग चपला ठेवून बॉलशिवाय, मग अर्ध्या जोराने ५. प्रत्येक टप्प्यानंतर एक दिवस थांबायचं आणि सकाळचा कॉलम बघायचा, दुखलं तर एक टप्पा मागे. मला सहा आठवडे लागले आणि पहिल्या पूर्ण जोराच्या फ्लिकला बॉल गोलच्या दीड फूट बाहेर गेला. पण बाकी सगळं बरोबर होतं, डावं पाऊल उघडं, पाठ सपाट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरली आणि सरळ उभा राहिलो, वहीत "ठीक" लिहिलं.